रांग सिद्धांत आणि संगणक प्रणालींचे कार्यमान

रांग सिद्धांत ही उपयोजित संभाव्यताशास्त्राची एक शाखा असून तीत सेवेसाठी येणाऱ्या ग्राहकांचे आगमन, त्यांची प्रतीक्षा आणि त्यांना मिळणारी सेवा यांचा गणिती अभ्यास केला जातो. संगणकशास्त्रात या सिद्धांताचा उपयोग प्रणालीच्या कार्यमानाचे प्रतिमान मांडण्यासाठी होतो. येथे ‘ग्राहक’ म्हणजे संगणकाकडे येणारी विनंती, कार्य किंवा संदेशपुडके असते. तर ‘सेवक’ म्हणजे प्रक्रियक, डिस्क, जाळ्याची वाहिनी किंवा विदागाराची जोडणी असते. एखादी प्रणाली दर सेकंदाला किती विनंत्या पूर्ण करू शकेल, वापरकर्त्याला उत्तरासाठी सरासरी किती थांबावे लागेल आणि भार वाढल्यास प्रथम कोठे कोंडी होईल, या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष यंत्रणा उभारण्यापूर्वीच अंदाजाने मिळविणे हा अशा प्रतिमानाचा मुख्य हेतू असतो.

संगणकातील विलंबाचे दोन भाग पडतात: काम करण्यास लागणारा वेळ आणि कामाची पाळी येईपर्यंत जाणारा वेळ. पहिला भाग यंत्राच्या वेगावर अवलंबून असतो व तो सहज मोजता येतो. दुसरा भाग भारावर आणि भारातील अनियमिततेवर अवलंबून असतो. कमी भाराखाली उत्तम चालणारी प्रणाली थोडा अधिक भार येताच एकाएकी संथ का होते, याचा उलगडा या दुसऱ्या भागाच्या अभ्यासातून होतो.

## इतिहास

रांग सिद्धांताचा उगम दूरध्वनीच्या अभ्यासात आहे. डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करीत असताना, ठराविक संख्येच्या ग्राहकांसाठी किती तारा व किती जोडणीकार पुरतील, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. १९०९ मध्ये त्यांनी दूरध्वनी संभाषणांना संभाव्यताशास्त्र लावणारा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ मध्ये संभाषण नाकारले जाण्याची व थांबावे लागण्याची संभाव्यता देणारी सूत्रे मांडली. दूरध्वनी भाराच्या एककाला पुढे ‘एर्लांग’ असे नाव देण्यात आले.

१९३० च्या दशकाच्या आरंभी फेलिक्स पोलाचेक व अलेक्सांद्र खिंचिन यांनी कोणत्याही प्रकारच्या सेवाकाळासाठी एकसेवक रांगेतील सरासरी प्रतीक्षा काढण्याचे सूत्र स्वतंत्रपणे शोधले. १९५३ मध्ये डेव्हिड जॉर्ज केंडल यांनी रांगांच्या वर्गीकरणासाठी आज प्रचलित असलेले संकेतन सुचविले. १९५७ मध्ये जेम्स जॅक्सन यांनी एकमेकींना जोडलेल्या रांगांच्या जाळ्यांविषयीचा आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला, तर १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या नियमाची सिद्धता दिली.

संगणकांच्या क्षेत्रात या सिद्धांताचा प्रवेश १९६० च्या दशकात झाला. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील (एमआयटी) आपल्या प्रबंधात संदेशवाहक जाळ्यांचे रांगांच्या भाषेत विश्लेषण केले. त्याच संस्थेतील अ‍ॅलन शेर यांनी १९६५ च्या प्रबंधात तेथील ‘सीटीएसएस’ या कालविभाजन प्रणालीचा अभ्यास केला. एकाच संगणकावर अनेक वापरकर्ते आपापल्या टंकयंत्रांवरून काम करीत असलेल्या त्या गुंतागुंतीच्या प्रणालीसाठी शेर यांनी एक अगदी साधे प्रतिमान वापरले: वापरकर्ता काही काळ विचार करतो, मग आज्ञा देतो, उत्तर येईपर्यंत थांबतो आणि पुन्हा विचार करू लागतो. या प्रतिमानाचे निष्कर्ष प्रत्यक्ष मोजमापांशी चांगले जुळले. प्रणालीचे असंख्य तपशील वगळूनही तिच्या वर्तनाचा विश्वसनीय अंदाज बांधता येतो, हे त्यातून दिसून आले.

१९६७ मध्ये गॉर्डन व न्यूवेल यांनी बंदिस्त जाळ्यांचे उत्तर दिले. जेफ्री ब्यूझेन यांनी १९७१ च्या प्रबंधात प्रक्रियक व डिस्क यांचे ‘मध्यवर्ती सेवक प्रतिमान’ मांडले आणि १९७३ मध्ये त्याची आकडेमोड व्यवहार्य करणारी रीत प्रसिद्ध केली. १९७५ मध्ये बॅस्केट, चँडी, मुंट्झ व पॅलासिओस यांनी जाळ्यांच्या एका विस्तृत वर्गासाठी प्रमेय मांडले. ते त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘बीसीएमपी प्रमेय’ म्हणून ओळखले जाते. यांपैकी के. मणी चँडी हे मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी होत. १९८० मध्ये रायझर व लॅव्हेनबर्ग यांनी ‘माध्य मूल्य विश्लेषण’ ही सुटसुटीत रीत दिली.

## मूलभूत संकल्पना

रांगेचे वर्णन करण्यासाठी पुढील राशी वापरल्या जातात:

* आगमन दर – एकक काळात येणाऱ्या विनंत्यांची सरासरी संख्या.
* सेवाकाळ – एका विनंतीवर सेवकाला प्रत्यक्ष काम करण्यास लागणारा सरासरी वेळ. रांगेतील थांबणे यात धरले जात नाही.
* प्रतीक्षाकाळ – सेवा सुरू होण्यापूर्वी रांगेत गेलेला वेळ.
* प्रतिसादकाळ – प्रतीक्षाकाळ व सेवाकाळ यांची बेरीज.
* निर्गम दर – एकक काळात पूर्ण होणाऱ्या विनंत्यांची संख्या. प्रणाली स्थिर असेल आणि एकही विनंती नाकारली जात नसेल, तर तो आगमन दराइतकाच असतो.
* वापरप्रमाण – एकूण काळापैकी सेवक कामात गुंतलेला असण्याचा अंश.

केंडल संकेतनात रांगेची ओळख तीन चिन्हांनी दिली जाते: आगमनाचा प्रकार, सेवाकाळाचा प्रकार आणि सेवकांची संख्या. उदाहरणार्थ, ‘एम/एम/१’ या रांगेत विनंत्या प्वासाँ प्रक्रियेनुसार येतात, सेवाकाळ घातांकी वंटनाचा असतो आणि सेवक एकच असतो. येथील ‘एम’ हे अक्षर रशियन गणितज्ञ मार्कोव्ह यांच्या नावावरून आले असून ते स्मृतिहीनता दर्शविते. मागील विनंती केव्हा आली होती यावरून पुढील विनंती केव्हा येईल याबद्दल काहीही सांगता येत नाही, असा स्मृतिहीनतेचा अर्थ आहे. परस्परांशी संबंध नसलेले हजारो वापरकर्ते आपापल्या सोयीने विनंत्या पाठवितात, तेव्हा त्यांची एकत्रित आवक अनेकदा प्वासाँ प्रक्रियेच्या जवळ जाते. ‘डी’ हे अक्षर निश्चित, न बदलणारा काळ दर्शविते आणि ‘जी’ हे कोणतेही सर्वसाधारण वंटन दर्शविते.

## लिटलचा नियम

रांग सिद्धांतातील सर्वांत व्यापक नियम पुढीलप्रमाणे आहे:

प्रणालीतील विनंत्यांची सरासरी संख्या = आगमन दर × सरासरी वास्तव्यकाळ

समजा, एखाद्या सर्व्हरकडे दर सेकंदाला २०० विनंत्या येतात आणि प्रत्येक विनंती सरासरी ०.२५ सेकंद आत राहते. तर कोणत्याही क्षणी सरासरी ५० विनंत्या प्रणालीत असतील. अशा सर्व्हरला एका वेळी केवळ ५० विनंत्या हाताळण्याची मुभा दिली, तर ती कमी पडेल. कारण ५० ही सरासरी आहे आणि बराच काळ प्रत्यक्ष संख्या तिच्याहून अधिक असेल.

या नियमासाठी आगमनाचे वा सेवाकाळाचे वंटन कोणते आहे, सेवक किती आहेत किंवा विनंत्या कोणत्या क्रमाने घेतल्या जातात, यांपैकी काहीही माहीत असावे लागत नाही. प्रणाली दीर्घकाळात स्थिर असणे आणि सरासऱ्या अस्तित्वात असणे एवढेच पुरते. प्रणालीची सीमा कोठेही आखली तरी नियम लागू पडतो. तो संपूर्ण संकेतस्थळाला लावता येतो, तसाच एकट्या डिस्कच्या रांगेलाही लावता येतो. त्यामुळे तीनपैकी दोन राशी मोजल्या की तिसरी मिळते; आणि तिन्ही मोजल्या असून त्या जुळत नसतील, तर मोजमापात चूक आहे हे कळते.

नियमाची सीमा केवळ सेवकाभोवती आखली असता ‘वापरप्रमाणाचा नियम’ मिळतो: वापरप्रमाण = निर्गम दर × सेवाकाळ. दर सेकंदाला ८० विनंत्या पूर्ण करणाऱ्या आणि प्रत्येकीसाठी १० मिलिसेकंद खर्च करणाऱ्या डिस्कचे वापरप्रमाण ०.८, म्हणजे ८० टक्के असते. पीटर डेनिंग व जेफ्री ब्यूझेन यांनी १९७८ मध्ये, संभाव्यतेविषयी गृहीतके न करता केवळ मोजता येणाऱ्या राशींवर आधारलेल्या अशा नियमांची ‘कार्यात्मक विश्लेषण’ या नावाने पद्धतशीर मांडणी केली.

## वापरप्रमाण आणि प्रतीक्षा

एम/एम/१ रांगेत सरासरी प्रतिसादकाळ पुढील सूत्राने मिळतो:

प्रतिसादकाळ = सेवाकाळ ÷ (१ − वापरप्रमाण)

सेवाकाळ १० मिलिसेकंद, म्हणजे सेवकाची क्षमता दर सेकंदाला १०० विनंत्या, असे धरल्यास पुढील कोष्टक तयार होते:

| वापरप्रमाण | प्रणालीतील सरासरी विनंत्या | सरासरी प्रतिसादकाळ |
|---|---|---|
| ५० टक्के | १ | २० मिलिसेकंद |
| ८० टक्के | ४ | ५० मिलिसेकंद |
| ९० टक्के | ९ | १०० मिलिसेकंद |
| ९५ टक्के | १९ | २०० मिलिसेकंद |
| ९९ टक्के | ९९ | १,००० मिलिसेकंद |

दर सेकंदाला ५० विनंत्या येत असताना भार दहा टक्क्यांनी वाढून ५५ झाला, तर प्रतिसादकाळ २० वरून सुमारे २२ मिलिसेकंदांवर जातो. वापरकर्त्याला फरक जाणवतही नाही. हीच दहा टक्के वाढ ९० विनंत्यांवर होऊन भार ९९ झाला, तर प्रतिसादकाळ १०० मिलिसेकंदांवरून एका सेकंदावर, म्हणजे दहापट होतो. भाराची टक्केवारी सारखी असूनही परिणाम इतका वेगळा होतो, कारण प्रतीक्षा भारावर नव्हे तर उरलेल्या मोकळ्या क्षमतेवर अवलंबून असते. ही मोकळीक १० टक्क्यांवरून १ टक्क्यावर येणे म्हणजे ती दहापट घटणे होय.

यावरून दिसते की, यंत्र शंभर टक्के वापरात ठेवणे आणि उत्तर तत्परतेने देणे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी आहेत. रिकामा राहिलेला सेवक वरवर पाहता वाया जाणारा खर्च वाटतो. परंतु विनंत्यांचे आगमन अनियमित असल्यामुळे, अचानक आलेले काम सामावून घेण्यास हीच मोकळीक उपयोगी पडते. रिकामेपणाचा गेलेला क्षण पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे सरासरी आगमन दर क्षमतेपेक्षा कमी असतानाही रांग लागते.

सरासरी प्रतिसादकाळ वापरकर्त्यांच्या अनुभवाचे पुरेसे चित्र देत नाही. एम/एम/१ रांगेत, विनंत्या आगमनाच्या क्रमाने घेतल्यास, सर्वांत संथ एक टक्का विनंत्यांना सरासरीच्या ४.६ पटींहून अधिक वेळ लागतो. ८० टक्के वापरप्रमाणावर सरासरी ५० मिलिसेकंद असली, तरी शंभरातील एका विनंतीला सुमारे २३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबावे लागते. एक पान दाखविण्यासाठी अनेक सर्व्हरांची उत्तरे गोळा करावी लागत असतील, तर ही दुर्मीळ दिरंगाई नेहमीची होते. प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच संथ होत असेल आणि एका विनंतीसाठी १०० सर्व्हरांची उत्तरे आवश्यक असतील, तर त्यांपैकी किमान एक संथ असण्याची संभाव्यता सुमारे ६३ टक्के येते.

## सेवाकाळातील चढउतार

प्रतीक्षा केवळ सरासरी सेवाकाळावर अवलंबून नसते. सेवाकाळ किती बदलतो यावरही ती अवलंबून असते. पोलाचेक–खिंचिन सूत्रानुसार, प्वासाँ आगमन असलेल्या एकसेवक रांगेतील सरासरी प्रतीक्षा ही ‘१ + चलनगुणकाचा वर्ग’ या राशीच्या प्रमाणात असते. सेवाकाळाच्या प्रमाण विचलनाला त्याच्या सरासरीने भागले असता चलनगुणक मिळतो.

८० टक्के वापरप्रमाण व १० मिलिसेकंद सरासरी सेवाकाळ कायम ठेवून तीन प्रसंगांची तुलना करता येते. सर्व विनंत्यांना नेमका सारखाच वेळ लागत असेल, तर सरासरी प्रतीक्षा २० मिलिसेकंद येते. घातांकी वंटनात, म्हणजे चलनगुणक १ असताना, ती ४० मिलिसेकंद होते. बहुतेक विनंत्या छोट्या पण काही फार मोठ्या असून चलनगुणक ३ असेल, तर प्रतीक्षा २०० मिलिसेकंदांवर जाते. तिन्ही प्रसंगांत यंत्र तेच आहे आणि एकूण कामही तेवढेच आहे. एकाच रांगेत झटपट होणारी चौकशी आणि दीर्घकाळ चालणारा अहवाल यांना एकत्र ठेवल्यास छोट्या विनंत्यांना मोठ्या कामाच्या मागे ताटकळावे लागते. अशी कामे वेगळ्या रांगांत ठेवण्याची शिफारस याच कारणासाठी केली जाते.

## सेवाक्रम

विनंत्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात, यावरही प्रतीक्षा अवलंबून असते. ‘प्रथम आला त्याला प्रथम सेवा’ हा क्रम न्याय्य व सोपा आहे. परंतु त्यात वर उल्लेखिलेला मोठ्या कामाचा अडसर राहतो. आधुनिक कार्यकारी प्रणाली प्रक्रियकाचा वेळ छोट्या तुकड्यांत वाटून सर्व कार्यांना आळीपाळीने देतात. या ‘प्रक्रियक सहभाजना’चे आदर्श गणिती रूप असे दाखविते की, प्वासाँ आगमन असल्यास त्यातील सरासरी प्रतिसादकाळ केवळ सरासरी सेवाकाळावर अवलंबून राहतो, सेवाकाळातील चढउतारांचा त्यावर परिणाम होत नाही. एकसेवक रांगेत ज्या कार्याचे सर्वांत कमी काम शिल्लक आहे ते प्रथम घेतल्यास सरासरी प्रतिसादकाळ शक्य तितका कमी होतो. मात्र त्यासाठी शिल्लक काम आधी माहीत असावे लागते आणि मोठ्या कामांवर अन्याय होण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते.

## अनेक सेवक व समाईक रांग

एकाच प्रकारचे अनेक सेवक उपलब्ध असतील, तर प्रत्येकासाठी वेगळी रांग लावण्यापेक्षा सर्वांसाठी एकच समाईक रांग लावणे लाभदायक ठरते. प्रत्येकी १० मिलिसेकंद सेवाकाळ असलेले दोन सेवक ८० टक्के वापरात आहेत असे मानल्यास, स्वतंत्र रांगांत सरासरी प्रतिसादकाळ ५० मिलिसेकंद येतो. समाईक रांगेत तो सुमारे २८ मिलिसेकंद होतो. स्वतंत्र रांगांत एक सेवक रिकामा असतानाही दुसऱ्यापुढे विनंत्या थांबलेल्या असू शकतात. समाईक रांगेत असे घडत नाही. दोघांऐवजी दुप्पट वेगाचा एकच सेवक ठेवल्यास प्रतिसादकाळ २५ मिलिसेकंदांवर येतो. तथापि, तो एक सेवक बंद पडल्यास संपूर्ण सेवा थांबते, हा तोटा या सूत्रांत दिसत नाही.

सेवकांची संख्या वाढत जाते तसतसे अधिक वापरप्रमाणावरही समाधानकारक प्रतिसाद मिळू शकतो. मोठ्या समाईक व्यवस्थांत आवश्यक असलेली जादा क्षमता स्थूलमानाने भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते; भार चौपट झाल्यास मोकळीक दुप्पट ठेवली तरी प्रतीक्षेची संभाव्यता जवळपास तीच राहते. अनेक ग्राहकांचा भार एकत्र हाताळणाऱ्या मेघ संगणनाच्या किफायतशीरपणामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

## रांगांची जाळी आणि कोंडीचे स्थान

प्रत्यक्ष संगणकात एक विनंती अनेक सेवकांकडून जाते. त्यामुळे संपूर्ण प्रणालीचे प्रतिमान रांगांच्या जाळ्याच्या रूपात मांडले जाते. खुल्या जाळ्यात विनंत्या बाहेरून येतात व पूर्ण झाल्यावर निघून जातात. बंदिस्त जाळ्यात वापरकर्त्यांची संख्या ठराविक असते आणि प्रत्येक जण उत्तर मिळाल्यावर काही काळ विचार करून पुढची विनंती पाठवितो. जॅक्सन, गॉर्डन–न्यूवेल व बीसीएमपी यांच्या प्रमेयांमुळे विशिष्ट अटींखाली अशा जाळ्यांचे उत्तर प्रत्येक रांगेच्या स्वतंत्र घटकांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिता येते. माध्य मूल्य विश्लेषणात एका वापरकर्त्यापासून आरंभ करून एकेक वापरकर्ता वाढवीत आकडेमोड केली जाते. नव्याने येणाऱ्या विनंतीला, वापरकर्ते एकाने कमी असताना त्या रांगेची जी सरासरी लांबी असती तीच आढळते, हे त्याचे आधारतत्त्व आहे.

अशा जाळ्याविषयी अनेक उपयुक्त निष्कर्ष साध्या अंकगणितानेही काढता येतात. समजा, एका विनंतीसाठी प्रक्रियकाचे १५ मिलिसेकंद, डिस्कला प्रत्येकी १० मिलिसेकंदांच्या चार भेटी म्हणजे ४० मिलिसेकंद आणि जाळ्याच्या वाहिनीचे ५ मिलिसेकंद लागतात. एकूण सेवामागणी ६० मिलिसेकंद होते. डिस्कची मागणी सर्वांत जास्त असल्याने दर सेकंदाला २५ हून अधिक विनंत्या पूर्ण होणे अशक्य आहे. येथे डिस्क हे कोंडीचे स्थान (बॉटलनेक) होय.

दुप्पट वेगाचा प्रक्रियक बसविल्यास एकूण मागणी ५२.५ मिलिसेकंदांवर येईल. परंतु कमाल निर्गम दर २५ च राहील. याउलट, डिस्कच्या जागी प्रत्येक भेट १ मिलिसेकंदात उरकणारे साठवण बसविल्यास डिस्कची मागणी ४ मिलिसेकंद होईल, कोंडीचे स्थान प्रक्रियकाकडे सरकेल आणि कमाल दर सुमारे ६७ पर्यंत जाईल. कोंडी नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. म्हणून प्रत्येक सुधारणेनंतर नव्याने हिशोब करावा लागतो.

हीच मूळ प्रणाली ६ सेकंद विचारकाळ असलेल्या वापरकर्त्यांसाठी असल्यास, एकूण मागणी व विचारकाळ यांच्या बेरजेला डिस्कच्या मागणीने भागून सुमारे १५१ ही वापरकर्त्यांची सीमासंख्या मिळते. या संख्येपलीकडे रांग लागणे अटळ असते. ३०० वापरकर्त्यांसाठी प्रतिसादकाळ ३०० × ०.०४ − ६, म्हणजे किमान ६ सेकंद येतो. डिस्क बदलल्याखेरीज अथवा तिच्याकडील भेटी कमी केल्याखेरीज तो घटविता येत नाही.

## मर्यादित रांगा, नकार व पुनर्प्रयत्न

प्रत्यक्षात रांगेची जागा मर्यादित असते. ती भरल्यावर येणारी विनंती नाकारली जाते. थांबण्याची सोय मुळीच नसलेल्या व्यवस्थेत नकाराची संभाव्यता एर्लांग यांच्या सूत्राने मिळते. भार १ एर्लांग असताना एक जोडणी उपलब्ध असेल तर ५० टक्के विनंत्या नाकारल्या जातात. दोन जोडण्यांत हे प्रमाण २० टक्के आणि तीन जोडण्यांत ६.२५ टक्के होते.

नकार टाळण्यासाठी रांग फार लांब ठेवणे हितकारक ठरत नाही. प्रत्येकी १० मिलिसेकंदांच्या १,००० विनंत्या रांगेत असतील, तर शेवटच्या विनंतीला सुमारे १० सेकंद थांबावे लागते. तोपर्यंत वापरकर्ता निघून गेलेला असू शकतो आणि सर्व्हर कोणालाही नको असलेले उत्तर तयार करीत राहतो. जाळ्यातील उपकरणांत अवाजवी मोठ्या साठवणुकीमुळे होणारा विलंब ‘बफरब्लोट’ या नावाने ओळखला जातो. त्यावर उपाय म्हणून कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये, पुडक्यांच्या संख्येऐवजी त्यांच्या प्रतीक्षाकाळावर नियंत्रण ठेवणारी ‘कोडेल’ ही रीत प्रसिद्ध केली.

उत्तर न मिळाल्यास विनंती पुन्हा पाठविण्याची सोय सर्वत्र आढळते. प्रत्येक अपयशी विनंती आणखी तीनदा पाठविली गेली, तर आगमन दर मूळच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. मूळ गर्दी ओसरल्यानंतरही पुनर्प्रयत्नांच्या भाराखाली प्रणाली दबलेली राहू शकते. यासाठी पुनर्प्रयत्नांच्या संख्येवर बंधन घालणे, दोन प्रयत्नांतील अंतर वाढवीत नेणे आणि अतिरिक्त भार प्रवेशद्वारीच नाकारणे हे उपाय योजले जातात.

## मापन व पडताळणी

प्रतिमानाची विश्वासार्हता त्यात घातलेल्या आकड्यांवर अवलंबून असते. पाच मिनिटांची सरासरी घेतल्यास अल्पकाळची कोंडी लपते: एक मिनिट १०० टक्के आणि उरलेली चार मिनिटे २० टक्के वापर झाल्यास सरासरी केवळ ३६ टक्के दिसते, जरी त्या एका मिनिटात आलेल्या वापरकर्त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले असले तरी.

भारचाचणीतही असाच दोष संभवतो. दर १० मिलिसेकंदांनी एक विनंती पाठविण्यासाठी योजलेले चाचणीसाधन आधीचे उत्तर आल्याखेरीज पुढची विनंती पाठवीत नसेल आणि प्रणाली एक सेकंद गोठली, तर केवळ एकच संथ विनंती नोंदली जाते. खऱ्या वापरात त्या काळात सुमारे १०० विनंत्या आल्या असत्या. येथे खुल्या भाराची चाचणी नकळत बंदिस्त जाळ्याप्रमाणे होते आणि निष्कर्ष वास्तवापेक्षा चांगले दिसतात.

## मर्यादा

साध्या सूत्रांमागील गृहीतके सर्वत्र लागू पडत नाहीत. १९९० च्या दशकाच्या आरंभी लेलँड, टाकू, विलिंगर व विल्सन यांनी इथरनेट जाळ्यातील वाहतुकीच्या मोजमापांवरून दाखविले की, ती प्वासाँ प्रक्रियेप्रमाणे दीर्घ कालखंडात सपाट होत नाही. सेकंदांच्या मापात दिसणारे उद्रेक मिनिटांच्या व तासांच्या मापातही दिसतात. अशा वाहतुकीत रांगा प्वासाँ गृहीतकाने सुचविलेल्यापेक्षा बऱ्याच लांब होऊ शकतात.

दुसरी मर्यादा स्थिरावस्थेची आहे. भारतीय रेल्वेची तत्काळ आरक्षणे सकाळी १० व ११ या ठरलेल्या वेळी खुली होतात. परीक्षांचे निकालही पूर्वघोषित वेळी लागतात. अशा वेळी वापरकर्ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे येत नाहीत, तर घड्याळाकडे पाहून एकदम येतात. येथे दीर्घकालीन सरासरीची सूत्रे उपयोगी पडत नाहीत. रांगेचा द्रवप्रवाहासारखा हिशोब करावा लागतो. समजा, दर सेकंदाला ६०० विनंत्या हाताळणाऱ्या प्रणालीकडे ६० सेकंद दर सेकंदाला १,००० विनंत्या आल्या, तर रांग २४,००० पर्यंत वाढते आणि शेवटी येणाऱ्याला ४० सेकंद थांबावे लागते. त्यानंतर आगमन दर २०० वर उतरला, तरी रांग संपण्यास आणखी ६० सेकंद लागतात.

याशिवाय, एकाच वेळी अनेक साधने अडवून ठेवणारी कार्ये, विदागारातील कुलपे, स्मृतीची टंचाई आणि एका विनंतीच्या अनेक समांतर शाखा यांमुळे गुणाकाररूप उत्तराच्या अटी मोडतात. अशा प्रसंगी आसन्न रीती किंवा संगणकावरील सदृशीकरण यांचा आधार घेतला जातो. सदृशीकरणात अधिक तपशील सामावता येतो. मात्र त्यास वेळ अधिक लागतो आणि कोणत्या कारणाने कोणता परिणाम झाला हे सूत्राइतके स्पष्ट दिसत नाही.

## उपयोग

क्षमता नियोजन हा रांग प्रतिमानांचा प्रमुख उपयोग आहे. किती सर्व्हर विकत वा भाड्याने घ्यावेत, विदागाराच्या किती जोडण्या ठेवाव्यात, कोणत्या वापरप्रमाणावर नवे यंत्र जोडावे आणि कोणत्या घटकावरील खर्च वाया जाईल, हे ठरविताना ही प्रतिमाने वापरली जातात. जाळ्यांतील मार्गनिवड, प्रक्रियकाचे वेळापत्रक, साठवण यंत्रणांची रचना आणि दूरध्वनी चौकशी केंद्रांतील मनुष्यबळाचे नियोजन या क्षेत्रांतही तीच सूत्रे उपयोगी पडतात. प्रतिमानाने दिलेला आकडा तंतोतंत नसला, तरी उपलब्ध पर्यायांपैकी कोणता कोंडी दूर करील आणि कोणता करणार नाही, हे सांगण्यास तो सहसा पुरेसा असतो.